बावीतली दोरी, वही आणि जनसुनावणी: शेजारी खाण किंवा वीजप्रकल्प येतो तेव्हा गावाने काय करायचं

"बावीचा पाणी बघलंस? तांबडा येता."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काकीने कळशी माझ्यापुढे धरली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वर सड्यावर (कोकणातल्या जांभ्याच्या पठाराला आम्ही सडा म्हणतो) दोन वर्षांपासून चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, चालू होती. पाऊस लागला की तिथली माती सुटायची, व्हाळात (ओढ्यात) उतरायची आणि व्हाळाकाठच्या बावीत (विहिरीत) झिरपायची. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे दिसत होतं. आम्ही अर्ज केला. तो ज्या साहेबांपुढे गेला त्यांनी वाचून एकच विचारलं, "खाणीआधी पाणी कसं होतं, याची काही नोंद आहे?" आमच्याकडे काकीचा शब्द होता, नोंद नव्हती. अर्ज फाइलला लागला.

त्या दिवशी साहेबांचा फार राग आला होता. आज वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. तेव्हापासून मी वही ठेवतो. पुढे लिहिलंय ते त्या वहीतून, दोन जनसुनावण्यांतून आणि बऱ्याच चुकांतून आलेलं आहे. खाण हवी की नको, हे ज्याच्या त्याच्या गावाने ठरवावं. आमच्याकडे चिरेखाणवाला बहुतेक वेळा परका नसतोच, भाऊबंदांतलाच कोणीतरी असतो. आपली घरंही त्याच चिऱ्यांनी उभी राहिलेली असतात. पण खाण असो की वीजप्रकल्प, तो येणार असला तरी गावाला कमीत कमी फटका बसावा यासाठी काय करता येतं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: समोर नक्की काय आहे ते ओळखा

गावात सगळ्यालाच 'मायनिंग' म्हणतात. कायद्यात मात्र त्याचे वेगवेगळे खण आहेत आणि चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यात वर्ष जातं.

जांभा चिरा, काळा दगड आणि खडी, वाळू ही गौण खनिजं. त्यांचा कारभार राज्याकडे, म्हणजे तुमच्यासाठी तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात निघते ती सिलिका वाळूही फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांतच मोडते. सिंधुदुर्गातल्याच रेडी-कळण्याचं लोहखनिज आणि रत्नागिरी-रायगडच्या पठारांवरचं बॉक्साइट ही प्रमुख खनिजं. तिथे केंद्राचा कायदा लागतो आणि खाणीच्या आराखड्यावर भारतीय खाण ब्युरोची देखरेख असते.

विजेचंही तसंच. आपल्या किनाऱ्यावर अंजनवेलला गॅसवरचा प्रकल्प आहे, जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॅटचा आहे आणि जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा ९,९०० मेगावॅटचा प्रस्ताव आहे. अशा मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. सौर प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती लागत नाही. 'हरित ऊर्जा आहे, त्यात कसला त्रास' असं म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण मंजुरी नाही म्हणजे जनसुनावणीही नाही, हे लक्षात घ्या. सड्यावर शेकडो एकरांत पॅनल लागले तर तिथलं पावसाळी गवत, फुलं, गुरांची चराई आणि खाली झिरपणारं पाणी यांचं काय होणार, हे विचारायला तिथे व्यासपीठच नसतं. अशा वेळी जमिनीचा करार हाच एक दरवाजा उरतो. त्यावर पुढे येतोच.

कुठल्याही खाणीसाठी तीन कागद मागायचे: खाणपट्टा किंवा परवाना, पर्यावरण मंजुरी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. संमतीपत्रं दोन असतात, एक उभारणीचं आणि एक चालवण्याचं. तिन्हींची मुदत बघा. मुदत संपलेल्या कागदावर चालणारी खाण ही कोकणात काही नवलाची गोष्ट नाही.

पायरी २: सातबारा आणि मुंबईकर

आपल्याकडे एका हिश्श्याच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. निम्मी माणसं डोंबिवली-विरारला, काही वारलेली, वारस लागलेले नाहीत. एजंटला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो चारजणांच्या सह्या घेतो, पाचव्याला कळतं तेव्हा जेसीबी सड्यावर पोचलेला असतो.

म्हणून आधी सड्यावरच्या सगळ्या गट नंबरांचे सातबारे काढून ठेवा. नवीन फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. वाडीतल्या एका माणसाने चावडीवरचा फलक आठवड्यातून एकदा बघायचा आणि फोटो काढून मुंबईच्या ग्रुपवर टाकायचा, एवढं काम नेमून द्या. आमच्याकडे हे काम बारावीतल्या एका मुलीकडे आहे. मोठ्यांपेक्षा ती नेटकं करते.

महत्त्वाची बैठक शिमग्यात, मे महिन्यात किंवा गणपतीत घ्या, म्हणजे चाकरमानी हजर असतात. ग्रामसभेचा ठराव करायचा तर तेव्हाच. तीन म्हातारे आणि ग्रामसेवक यांच्या सह्यांनी झालेल्या ठरावाला पुढे कोणी किंमत देत नाही.

जमीन भाड्याने द्यायचीच असेल, मग ती खाणीला असो की सौर प्रकल्पाला, तर करारात या गोष्टी लिहूनच घ्या: किती खोलीपर्यंत खोदायचं, वरची माती कुठे ठेवायची, वाट आणि पाणंद मोकळी राहील की नाही, काम संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत द्यायची आणि त्यासाठी किती अनामत. तोंडी शब्द देणारा माणूस पाच वर्षांनी तिथे नसतो. ज्या कंपनीशी करार झाला तीही कधीकधी दुसऱ्याला विकलेली असते.

पायरी ३: वही, आणि ती आजपासून

हीच पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जास्त वेळ घेतो. प्रकल्पाचा नुसता वास आला तरी वही सुरू करा. नाही आला तरी करा.

*बावीची पातळी.* सुताची दोरी घ्या, टोकाला वजन बांधा, दर अर्ध्या मीटरला गाठ. बावीच्या कठड्यावर एके ठिकाणी छिन्नीने खूण करा आणि नेहमी त्याच खुणेपासून मोजा. पहाटे, पंप लागण्याआधी. आम्ही अमावास्या आणि पौर्णिमा हे दिवस धरलेत, कारण ते कोणाला आठवण करून द्यावे लागत नाहीत. तारीख, वेळ, खोली, मोजणाऱ्याची सही. शेजारच्या दोन बावी घ्या आणि खाणीपासून लांबची, दुसऱ्या पाणलोटातली एक घ्या. ही लांबची बाव फार कामाची. पातळी फक्त खाणीजवळ उतरली आणि लांबच्या बावीत उतरली नाही, तर 'यंदा पाऊसच कमी होता' हे उत्तर देता येत नाही.

*झऱ्याचा प्रवाह.* सड्याखाली, जिथे जांभा संपून पांढरट चिकणमाती लागते, तिथून झरे फुटतात. वरचा भोकाभोकांचा जांभा पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि खालच्या मातीच्या थरावरून ते हळूहळू बाहेर येतं. चिरा काढणं म्हणजे त्या स्पंजाचेच तुकडे कापून नेणं. म्हणून झरा मोजा. पंधरा लिटरची बादली धारेखाली धरायची, मोबाइलवर सेकंद मोजायचे. तीनदा करून सरासरी. समजा बादली ४५ सेकंदांत भरली, तर मिनिटाला २० लिटर, दिवसाला २८,८०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने ते पाचशेहून जास्त माणसांचं पाणी झालं. सुनावणीत 'आमचा झरा आटेल' म्हणणं वेगळं आणि 'मेमध्येही पाचशे माणसांना पुरणारा झरा आहे, ही तीन वर्षांची मोजणी' म्हणणं वेगळं.

*गढूळपणा.* पावसाच्या पहिल्या दिवसापासून व्हाळाचं पाणी एका पारदर्शक बाटलीत भरा, खाणीच्या वरच्या बाजूचं एक आणि खालच्या बाजूचं एक. चोवीस तास हलवू नका. तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजा, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढा. हे प्रयोगशाळेचं काम नव्हे, पण डोळ्यांना पटतं. खरी तपासणी जिल्हा किंवा उपविभागीय पाणी प्रयोगशाळेत. नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडूनच पाठवा, म्हणजे अहवाल सरकारी राहतो. गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालते. आमच्या काकीच्या कळशीत किती असेल, याचा विचारही नको.

*आंबा-काजू.* पाच कलमं निवडा, त्यांना रंगाने नंबर टाका. मोहोर कधी आला, किती टक्के फांद्यांना, फळधारणा किती, पेट्या किती. पानावरची धूळ पांढऱ्या रुमालाने पुसून तो रुमाल तारखेच्या चिठ्ठीसह पिशवीत. इथेही लांबची बाग हवीच. आणि एक कटू गोष्ट सांगतो. थ्रिप्स, अवकाळी पाऊस, तुडतुडे, मार्चमधली उष्णता, या सगळ्यांनी हापूस आधीच बेजार आहे. सगळंच नुकसान प्रकल्पाच्या माथी मारलंत तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ दोन प्रश्नांत तुम्हाला गप्प करेल, आणि खरं नुकसानही खोटं ठरेल. वहीत औषधफवारणी आणि पाऊसही लिहा. आपल्या बाजूची नसलेली गोष्ट लिहिलेली वही जास्त खरी वाटते.

*घर.* काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग लागतात, चिऱ्याच्या खाणीत नाहीत, तिथे कटर चालतो. सुरुंगवाली खाण असेल तर आधीच भिंतींचे फोटो काढा, जुन्या भेगांशेजारी पट्टी ठेवून. प्रत्येक स्फोटाची वेळ लिहा.

*खाडी आणि समुद्र.* समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या वीजप्रकल्पातून गरम पाणी बाहेर पडतं. १९९९ नंतरच्या प्रकल्पांना नियम आहे की समुद्राचं पाणी ७ अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये. रापण आणि पाग (मासेमारीची जाळी) टाकणाऱ्यांनी एक साधा थर्मामीटर होडीत ठेवावा, प्रवाहाच्या तोंडाशी आणि दोन किलोमीटरवर मोजावं, आणि कोणतं मासळ कमी झालं ते लिहावं.

*गावाची नोंदवही.* २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते आणि कोणीतरी बाहेरून येऊन भरलेली असते. ती उघडा, चुका दुरुस्त करा. सडा महसुली भाषेत 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. नोंदवहीत तोच सडा भरून टाका: पावसातली फुलं, टिटवीची अंडी, मोसमी डबकी, कातळशिल्पं असतील तर तीही. आपल्या कातळशिल्पांची काही स्थळं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

पायरी ४: नकाशावर पाचशे मीटर

छोट्या चिरेखाणी जिथे थव्याने आहेत तिथे ही पायरी फार उपयोगी पडते आणि फार थोड्यांना माहीत असते.

पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या गौण खनिजाच्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. म्हणून एकाच सड्यावर दोन हेक्टरची एक, तीन हेक्टरची दुसरी, अडीच हेक्टरची तिसरी, अशा वेगवेगळ्या नावांनी खाणी काढल्या जातात. पण एकाच जातीच्या खनिजाच्या दोन खाणींच्या कडा एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असतील तर त्यांचा समूह धरतात. समूहाचं क्षेत्र ५ हेक्टरच्या पुढे गेलं की सगळा नियमच बदलतो, अभ्यास आणि सुनावणी दोन्ही येऊ शकतात. मोबाइलच्या नकाशावर खाणींच्या कडा टिपा, अंतरं मोजा आणि तो नकाशा अर्जाला जोडा. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, त्यामागे हीच तुकड्यातुकड्यांची युक्ती होती.

गौण खनिजाच्या गाडीला राज्य सरकारच्या 'महाखनिज' प्रणालीवरचा ऑनलाइन वाहतूक परवाना लागतो. गाडी नंबर, वेळ आणि फोटो तहसीलदारांना पाठवा. बेकायदा उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. परवानगी किती ब्रासची (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि खड्डा किती ब्रासचा, हे दोरी धरून मोजता येतं: लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि शंभराने भागा.

पायरी ५: अहवाल आणि जनसुनावणी

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते, त्यात एक वर्तमानपत्र प्रादेशिक भाषेतलं असतं. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत वगैरे ठिकाणी ठेवतात आणि त्याचा सारांश मराठीत असायलाच हवा. नसेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, सुनावणीच्या दिवशी नव्हे.

तीन-चारशे पानांचा इंग्रजी अहवाल बघून माणूस दबकतो. सगळा वाचायची गरज नाही. पाच गोष्टी शोधा.

एक, माहिती कोणत्या महिन्यांत गोळा केली. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. आता बघा, कोकणात खाणीचा जो काही उपद्रव आहे तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नेमका मोजणीच्या बाहेर. डिसेंबरात व्हाळ तपासला तर तो नितळच असणार! तुमची पावसातल्या बाटल्यांची नोंद इथेच चपखल बसते. पावसाळ्यातली मोजणी आणि भूजलाचा वेगळा अभ्यास मागा.

दोन, खाणीचा तळ आणि बावीतलं पाणी यांतलं अंतर. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर असतात, शेजारी ठेवा. खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली जाणार असेल तर भूजल प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते.

तीन, दहा किलोमीटरच्या परिघातली गावं, शाळा, झरे, देवराया. आमचा व्हाळ एका अहवालात 'हंगामी नाला' होता. बारमाही आहे, हे आम्ही झऱ्याच्या मोजणीवरून दाखवलं.

चार, पिकं आणि झाडं. दुसऱ्या जिल्ह्याचा अहवाल डकवलेला असेल तर इथे पकडला जातो. आमच्या त्याच अहवालात ज्वारी होती. ज्वारी! सभेत पहिल्यांदा हशा पिकला तो तिथे. पण हसून सोडू नका, पानाचा नंबर सांगून नोंद करा.

पाच, खाण बंद झाल्यावर काय, हे प्रकरण. बहुतेकदा दोन पानांचं.

सुनावणीच्या दिवशी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, प्रदूषण मंडळाचा माणूस असतो, चित्रीकरण होतं. हे मतदान नव्हे. 'हात वर करा' असं कोणी म्हटलं तरी त्याला अर्थ नाही, समिती हो किंवा नाही ठरवत नाही, फक्त नोंदवते. घोषणा देऊन सभा उधळली तर नोंद होते ती गोंधळाची. प्रत्येकाने एकच मुद्दा घ्यावा, तीन मिनिटं, पान नंबर, वहीतला आकडा, मागणी. लेखी निवेदनाच्या दोन प्रती, एकीवर पोच. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोवर जेवायला उठू नका! आमच्या पहिल्या सुनावणीत वाचन चालू असताना मंडपात आठ माणसं उरली होती, बाकीची वडापावच्या गाडीपाशी.

बायकांना पुढे बसवा आणि बोलवा. बावीचं पाणी कधी बदललं हे त्यांना माहीत असतं, आम्हाला नव्हे.

पायरी ६: मागण्या कशा मांडायच्या

'पर्यावरणाची काळजी घ्यावी' ही मागणी नव्हे. अट अशी हवी की ती पाळली की नाही हे गावातला कोणीही तपासू शकेल.

पाण्याचं गणित आधी. एक हेक्टरचा उघडा खड्डा आणि जुलैतला एका दिवसाचा २०० मिलिमीटर पाऊस. म्हणजे २० लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर, एका दिवसात, एका हेक्टरवर. हे पाणी कुठे जाणार? जुलै २०२१ मध्ये कळणे इथे खाणीत साठलेलं पाणी फुटलं आणि चिखलासकट वस्तीत आणि शेतात शिरलं. भातखाचरात एकदा तो लाल गाळ बसला की नुसता नांगर फिरवून निभत नाही.

म्हणून पहिली मागणी, खाणीच्या वरच्या बाजूने चर. डोंगरावरचं स्वच्छ पाणी खड्ड्यात येऊच द्यायचं नाही, ते वळवून थेट व्हाळात सोडायचं. गढूळ पाणी साफ करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त, आणि खाणवाल्यालाही पटतं. दुसरी, खड्ड्यातलं पाणी लागोपाठच्या दोन-तीन गाळकुंडांतून जाऊनच बाहेर पडेल. जाडी माती पहिल्या कुंडात बसते, पण जांभ्यातली बारीक लाल माती बसायला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून एक कुंड पुरत नाही. कुंडं ३१ मेपर्यंत उपसलेली असावीत आणि गणपतीआधीच्या उघडिपीत पुन्हा एकदा. तिसरी, मातीचे ढीग व्हाळापासून लांब, पायथ्याशी दगडी बांध, आणि मेच्या शेवटी ढिगावर वाळा आणि गवत. आमच्याकडे एका चिरेखाणवाल्याने ढिगावर नारळाच्या झावळ्या अंथरून वर दगड ठेवले. खर्च जवळजवळ शून्य, आणि त्या वर्षी खालच्या कुणग्यात (भातखाचरात) निम्माही गाळ आला नाही. तो माझा चुलतभाऊच. आधी वर्षभर आमचं बोलणं बंद होतं.

चौथी, वरची सुपीक माती वेगळी ठेवायची, विकायची नाही. पाचवी, मागचा खड्डा भरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

धुळीसाठी सगळीकडे 'पाणी फवारणी' लिहिलेली असते. एप्रिलमध्ये ते पाणी आणणार कुठून? वाडीला टँकर लागतो तेव्हा रस्त्यावर टँकर रिकामे करताना पाहिलेत मी. अट अशी लिहा की फवारणीचं पाणी खड्ड्यात साठवलेल्या पावसाचंच असेल. शिवाय गाड्यांना ताडपत्री, वाडीतून वीसचा वेग, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहतूक बंद, क्रशर बंदिस्त शेडमध्ये. मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, रस्त्याकडेच्या बागांपुरती ही अट आणखी कडक करा. सिलिका धुणाऱ्या-चाळणाऱ्या ठिकाणी कामगारांच्या छातीचा प्रश्न वेगळाच आहे. तोंडाला बांधलेला टॉवेल ती बारीक धूळ अडवत नाही, फुप्फुसाला झालेली इजा परत भरून येत नाही. योग्य मास्क आणि दरवर्षी छातीचा एक्स-रे ही अट गावाने मागावी, कारण कामगार परप्रांतातला असतो आणि तो मागत नाही.

कोळशाच्या प्रकल्पाजवळ राखेकडे लक्ष ठेवा. जुन्या चिरेखाणी राखेने भरून देण्याचा प्रस्ताव फुकटचा वाटतो. खाली बावी असतील तर प्रदूषण मंडळाची परवानगी बघितल्याशिवाय एक डंपरही रिकामा करू देऊ नका.

पायरी ७: मंजुरी मिळाल्यावर

इथे गावं थकतात. खरं काम इथून पुढचं.

मंजुरी मिळाली की कंपनीने सात दिवसांत वर्तमानपत्रात जाहीर करायचं असतं आणि प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते. ती तारीख वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण दिलं तर आणखी ६० पर्यंत. त्यानंतर दार बंद. आपल्यासाठी पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये.

मंजुरीतल्या अटी मराठीत उतरवा, एका पानावर, आणि ग्रामपंचायतीबाहेर लावा. अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर शोधा. 'गाळकुंड बांधले आहे' असं त्यात असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर त्या जागी उभं राहून काढलेला फोटो त्याच मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि प्रदूषण मंडळाला पाठवा. तक्रारीत एकच अट, तिचा क्रमांक, एक फोटो, तारीख. सतरा गाऱ्हाणी एका अर्जात घातली की सगळ्यांत सोप्या गाऱ्हाण्याचं उत्तर येतं.

कागद देत नसतील तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस वाट. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट. 'माहिती द्यावी' असं मोघम नको, 'अमुक गट नंबरच्या चालू संमतीपत्राची प्रत' असं लिहा.

पायरी ८: पैसा आणि खड्डा

खाणवाला रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला वेगळी रक्कम भरतो. ती खाणबाधित गावांसाठी असते आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण यांना तिच्यात अग्रक्रम आहे. प्रत्यक्षात ती सभागृहं आणि कमानींवर जाऊ नये असं वाटत असेल तर ग्रामसभेने झऱ्याच्या संरक्षणाचा, बावी उपसण्याचा नेमका प्रस्ताव अंदाजपत्रकासह आधी पाठवावा.

राहिलेल्या खड्ड्याचं काय करायचं, हे खाण चालू असतानाच ठरवा. पाणी साठवायचं असेल तर एक बाजू उताराची करून घ्या, गुरं आणि पोरं बाहेर येऊ शकतील अशी. चारी बाजू चिऱ्याने सरळ कापलेल्या असतील आणि आत तीन पुरुष पाणी असेल, तर पोहता येणाराही वर येऊ शकत नाही. कुंपण आणि फलक हवेतच. भरायचा असेल तर साठवलेली वरची माती घालून काजू, करंज, रातांबा, जांभूळ लावा. झटपट हिरवं दिसावं म्हणून अकेशिया लावतात, ते नको, त्याखाली गवतही येत नाही. आणि न खोदलेल्या मोकळ्या सड्यावर झाडं लावू नका, तो तसाच असू दे.

या अमावास्येला काकीच्या बावीत दोरी पाचव्या गाठीच्या जरा खाली ओली झाली. गेल्या वर्षी याच सुमाराला पाचवी गाठच होती. वहीत लिहिलंय, लांबच्या बावीची मोजणी उद्या.